लातूरची एक शिवणखोली : स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावरून आत वळले की एका जुन्या घराच्या माडीवर एक मावशी स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी पोलकी, आतले कपडे, गाऊन आणि नळ्यांच्या पिशव्या शिवून देतात. दाराशी पाटी नाही. त्या एकट्याच काम करतात आणि आपले नाव व फोन कोठे लिहू नये असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे, म्हणून ते येथे देत नाही. ज्या बाईला गरज असते तिला वॉर्डातल्या सिस्टर, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट किंवा आधी या वाटेने गेलेली एखादी बाई पत्ता सांगतेच. गेल्या सव्वा वर्षात मी त्यांच्याकडून स्वतःसाठी अकरा आणि माझ्या धाकट्या जावेसाठी पाच कपडे शिवून घेतले, आणि हा अभिप्राय त्या सोळा कपड्यांच्या वापरावरून लिहीत आहे.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, स्तन आणि काखेतल्या गाठी काढायच्या असे ठरले, आणि रुग्णालयात भरती होण्याच्या सहा दिवस आधी एका सहकारी बाईंनी मला जवळजवळ ओढतच त्या माडीवर नेले. अशा वेळी कपड्यांचा विचार करणे मला त्या दिवशी अप्रस्तुत वाटले होते. मावशींनी मात्र इंची टेप हातात घेण्याआधी वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली : कोणती बाजू, काखेत हात घालणार आहेत का, नळ्या किती ठेवणार, नंतर शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचा आहे का, साखरेचा त्रास आहे का, आणि पुढे स्तन पुन्हा तयार करून घ्यायचा विचार आहे का. यांतल्या तीन प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती, कारण मी डॉक्टरांना ते विचारलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "बाई, हे लिहून न्या आन् डॉक्टरांना इचारून या. माप मात्र आजच देऊन जावा, नंतर महिनाभर हात वर व्हायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले, आणि नळ्या दोन असतील, शेक लागेल, मला मधुमेह असल्यामुळे व शेक घ्यायचा असल्यामुळे पुनर्रचना लगेच न करता नंतर हवी तर करता येईल, या तिन्ही गोष्टी मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या वहीमुळे शस्त्रक्रियेआधी कळल्या. रुग्णालयातून घरी सोडताना जे कार्ड मिळाले त्यावर कपड्यांविषयी "ढिले कपडे घालावेत" एवढेच तीन शब्द होते.

शस्त्रक्रियेआधी त्यांनी दोन गाऊन आणि दोन पिशव्या शिवल्या. गाऊन मऊ धुतलेल्या मलमलीचा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पुढून उघडणारा, हुकांऐवजी कापडी बंदांचा, कारण एका हाताने हुक लावणे पहिल्या आठवड्यात जमत नाही आणि डोक्यावरून काहीही घालता येत नाही. डाव्या बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत मोकळी ठेवून तिला तीन बंद लावले होते, म्हणजे डॉक्टरांना पट्टी पाहायची असली तर गाऊन उतरवावा लागत नसे. साध्या गाऊनला हे सगळे नसते आणि त्यामुळे रोज सकाळी सहा माणसांच्या समोर उघडे पडावे लागते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ते रोज सोसावे लागले. तिसऱ्या दिवशी माझा दुसरा गाऊन मी त्यांना दिला.

पिशव्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नळ्या घेऊन घरी जावे लागते हे मलाही आधी ठाऊक नव्हते. या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या कातडीखाली आणि काखेत पाणी साचते, ते ओढून घेण्यासाठी नळी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा दाबलेला डबा लावतात. डबा लोंबकळत राहिला तर नळी कातडीला टाक्याने बांधलेल्या जागी ओढ बसते आणि ती ओढ फार दुखते. बहुतेक बायका डबा हातात धरून चालतात किंवा परकराच्या नाडीला अडकवतात. बसताना, उठताना तो विसरला की जीव कासावीस होतो. मावशींची पिशवी गळ्यातून आणि कमरेतून अशा दोन पट्ट्यांवर बसते, तिला दोन कप्पे असतात, आणि कप्प्यांना समोरून जाळीचे कापड असते, म्हणजे डबा बाहेर न काढता किती भरला ते दिसते. दोन्ही कप्प्यांवर त्यांनी लाल आणि निळ्या दोऱ्याचा एकेक टाका घातला होता. काखेतली नळी लाल, छातीवरची निळी. रोज सकाळी माझी मुलगी दोन्ही डब्यांतले पाणी मोजून वहीत लिहीत असे. चोवीस तासांत 30 मिलिलीटरपेक्षा कमी, आणि तेही सलग दोन दिवस, असे झाल्यावर नळी काढू असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. निळी सातव्या दिवशी निघाली, लाल अकराव्या दिवशी. दोरे नसते तर त्या गडबडीत कोणत्या डब्याचा कोणता आकडा हे आमच्याने नीट राहिले नसते.

याच पिशवीबरोबर त्या हृदयाच्या आकाराची एक छोटी उशी देतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. ती काखेत धरली की हात शरीराला घासत नाही. तपासणीसाठी औशाहून लातूरला एसटीने जाताना प्रत्येक गतिरोधकावर मला त्या उशीची किंमत कळली.

टाके सुकल्यावर प्रश्न येतो तो उरलेल्या आणि गेलेल्या बाजूंतल्या फरकाचा. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. माझ्यासारख्या भरलेल्या शरीराच्या बाईची एक बाजू हलकी झाली की खांदा नकळत वर उचलला जातो, मान आखडते आणि पाठ एका अंगाला वाकते. पहिल्या काही आठवड्यांत जखमेवर वजन ठेवायचे नसते, म्हणून मावशी सुती होजिअरीचा, आत पिंजलेला कापूस भरलेला हलका गोळा देतात. जखम पूर्ण भरल्यावर ज्यांना सिलिकॉनचा कृत्रिम स्तन परवडत नाही त्यांच्यासाठी त्या त्याच गोळ्यात मोहरीची पुरचुंडी घालून वजन वाढवतात. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मी शेक संपून कातडी पूर्ववत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, साडेचार हजार रुपयांना घेतला. त्याचे वजन खऱ्या स्तनासारखे पडते आणि खांदे समपातळीत येतात, हे मान्य करूनही सांगते की एप्रिल-मे महिन्यांत, पारा 40 अंशांच्या वर गेलेला असताना, तो दिवसभर छातीशी धरून चौथीच्या वर्गात शिकवणे शक्य होत नाही. घामाने कातडीला पुरळ येते. त्या दोन महिन्यांत मी कापसाचाच गोळा वापरते, आणि मावशींनी तो बसवण्यासाठी शिवलेल्या आतल्या कपड्याचा खिसा दुहेरी सुती कापडाचा असल्यामुळे घाम टिपला जातो. त्याआधी मी घरबसल्या मागवलेला, अशाच उपयोगाचा म्हणून विकला जाणारा तयार कपडा कृत्रिम धाग्याचा होता, त्याची खालची पट्टी नेमकी व्रणावर रुतत होती आणि तो परतही घेतला गेला नाही.

शेक घेण्यासाठी मी छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे तीन आठवडे राहिले. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात पंधरा वेळा जायचे होते. शेकाआधी छातीवर शाईने खुणा आखतात आणि त्या शेवटपर्यंत पुसू द्यायच्या नसतात. मावशींनी या तीन आठवड्यांसाठी काळ्या जुन्या सुती साडीचे तीन सैल झंपर शिवून दिले होते. शाई लागली तरी दिसत नाही, शिवणी बाहेरच्या बाजूला असल्यामुळे भाजल्यासारख्या झालेल्या कातडीला टोचत नाहीत, आणि डावी काख पूर्ण मोकळी. दुसऱ्या आठवड्यानंतर ती काख लाल होऊन सोलवटली, तेव्हा याहून निराळे काही अंगावर घेणे अशक्यच होते.

आता पोलक्यांविषयी. साडी नेसणाऱ्या बाईची अडचण बाजारातले तयार कपडे करणाऱ्यांना समजलेली नाही, असे माझे ठाम मत आहे. पदर डाव्या खांद्यावर येतो. डावा स्तन गेला असेल तर पदराने तो भाग झाकला जातो खरा, पण खांद्यावरची पिन सगळे वजन पोलक्यावर टाकते आणि ते कापड थेट व्रणावर ओढले जाते. खाली वाकले, फळ्याच्या तळाशी लिहायला बसले किंवा उंबऱ्यासमोर रांगोळी घालायला ओणवे झाले की गळा सुटतो आणि आतला गोळा पुढे सरकतो. माझ्याबाबतीत हे एकदा वर्गात घडले आणि त्यानंतर आठ दिवस मी खुर्चीवरून उठले नाही. मावशींनी त्यावर जे केले ते असे : पिनेच्या जागी आतून रुंद पट्टी घालून ओढ खांद्यापासून पाठीकडे वळवली, गळा दीड इंचाने वर घेतला, डाव्या बाजूचा टक्स काढून टाकून तेथे अस्तराचा बंद खिसा केला, आणि मुंढा एवढा सैल ठेवला की भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम पोलके न काढता करता यावा. बाहेरून पाहणाऱ्याला ते चारचौघींसारखेच पोलके दिसते. शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असे जादा कापड, भरपूर ठेवलेली असते, कारण औषधांनी आणि घरी बसण्याने अंग कमीजास्त होत राहते.

माझ्या जावेची गोष्ट वेगळी आहे. ती एक्केचाळीस वर्षांची, आणि तिने मुंबईत स्तन काढतानाच पोटाचे कातडे व चरबी वापरून तो पुन्हा तयार करून घेतला. या पद्धतीत पोटावरचा भाग त्याच्या रक्तवाहिन्यांसह छातीवर नेऊन तेथील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात; पहिले काही दिवस तो भाग उबदार आहे का, त्याचा रंग बदलत नाही ना, हे परिचारिका दिवसरात्र तपासत असतात, कारण जोड बंद पडला तर तो लगेच उघडून पाहावा लागतो. तेथे घट्ट कापड चालत नाही. पोटालाही या कडेपासून त्या कडेपर्यंत टाके असल्याने ती दोन आठवडे वाकून चालत होती आणि पाठीशी व गुडघ्यांखाली उशा घेऊन झोपत होती. मावशींनी तिचे काम घेण्याआधी सर्जनचा लेखी कागद मागवला. तो वाचून त्यांनी स्तनाखाली रबर किंवा तार अजिबात नसलेले, पुढून उघडणारे दोन सैल कपडे दिले, आणि आधार देणारा कपडा सर्जनची परवानगी येईपर्यंत शिवायला नकार दिला. ती परवानगी सहा आठवड्यांनी आली. नव्या स्तनाला स्पर्श फारसा कळत नाही, त्यामुळे इस्त्रीचा गरम कपडा लगेच अंगात घालू नये किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, हेही त्यांनी तिला बजावून सांगितले. सूज उतरायला काही महिने जातात, आकार बदलतो, म्हणून तिचा तिसरा कपडा त्यांनी मुद्दामच पाच महिन्यांनी शिवला. जावेला हा उशीर पसंत नव्हता. मला तो योग्य वाटतो.

त्यांच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका शेतात काम करणाऱ्या असतात. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला जखम होऊ देऊ नये असे सांगितले जाते, कारण त्या हातातला रस वाहून जाण्याची वाट कमी झालेली असते आणि छोट्या जखमेतूनही हात सुजून लाल होऊ शकतो. हे सांगणे सोपे आहे. करडईच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत हाताला ओरखडा न येऊ देणे सोपे नाही. मावशी जाड कापडाची, कोपराच्या वरपर्यंत येणारी, आतून मऊ अस्तर लावलेली बाही शिवतात आणि तिला पंजासाठी हातमोजा जोडतात. ही बाही मी स्वतः वापरलेली नाही, पण त्यांच्या माडीवर भेटलेल्या रेणापूरकडच्या एका बाईंनी दोन हंगाम वापरून झिजवलेली बाही मला दाखवली, तेव्हा काट्यांनी फाटलेले बाहेरचे कापड आणि शाबूत राहिलेले अस्तर मी डोळ्यांनी पाहिले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. माडीचा जिना अरुंद आणि उभा आहे, कठड्याला एकाच बाजूने हात लावता येतो, आणि नळ्या घेऊन तो चढणे धोक्याचे आहे, नातेवाइकाला पाठवावे. माप घेण्याची जागा आणि बसण्याची जागा यांत केवळ एक पडदा आहे, त्यामुळे पहिल्यांदा व्रण दाखवणाऱ्या बाईला संकोच होतो. काम दहा दिवसांत देतो म्हणतात आणि लग्नसराईत ते पंचवीस दिवसांवर जाते. भरतीची तारीख जवळ असलेल्या बाईचे काम त्या आधी घेतात, हे बरे, पण तसे आपण स्पष्ट सांगावे लागते. मोहरीची पुरचुंडी घामाने दमट होते, वास येतो, आणि ती दर महिन्याला बदलावीच लागते. हे त्यांनी मला आपणहून सांगितले नव्हते. एका पोलक्याच्या अस्तराचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. ते त्यांनी विनामूल्य बदलून दिले, तरी सोललेल्या कातडीवर कच्चा रंग लागणे ही किरकोळ चूक नव्हे आणि मी तसे त्यांना सांगितले. तेव्हापासून त्या प्रत्येक कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, धुऊन मगच कापतात.

दर माझ्या वेळचे असे होते : गाऊन साडेतीनशे, नळ्यांची पिशवी एकशेवीस, खिशाचा आतला कपडा तीनशे, पोलक्याची शिलाई अस्तरासह साडेचारशे रुपये. माझी शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, पण कपड्यांचा आणि सिलिकॉनच्या स्तनाचा खर्च मी स्वतः केला. त्यामुळे ज्या बाईच्या हाती थोडेच पैसे आहेत तिने एक गाऊन व एक पिशवी आधी घ्यावी आणि पोलकी नंतर, एकेक करून शिवावीत, असे मी सुचवेन. सिलिकॉन घेण्याची घाई करू नये.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली ती त्यांची वही. दर खेपेला त्या दोन्ही दंडांचा घेर, कोपरापासून ठरावीक अंतरावर, मोजून लिहितात. शस्त्रक्रियेआधीचे माप त्यात असतेच. आठव्या महिन्यात मी बाही घट्ट होते म्हणून पोलके उसवून घ्यायला गेले. त्यांनी टेप लावला, मागची पाने पाहिली आणि पोलके बाजूला ठेवले. डावा दंड दोन सेंटिमीटरने वाढला होता, उजवा होता तेवढाच. "बाई, ही बाही मी उसवून देणार न्हाई. आधी डॉक्टरांकडं जावा, मग माझ्याकडं या," एवढेच त्या म्हणाल्या. वेदना नव्हती, त्यामुळे मी घरी बसूनच राहिले असते. त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टनी हलक्या हाताने करायची मालीश शिकवली, काही दिवस पट्ट्या बांधल्या, आणि नंतर दिवसा घालायची दाब देणारी बाही मापाने दिली. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या मी उतरवल्या आणि उजव्या हातात दोन जास्त भरल्या. सासूबाईंना हे आधी पटले नाही, पण सुजलेल्या मनगटावर उठलेला बांगडीचा वळ पाहून त्यांनीच कासाराला तसे सांगितले.

ते पोलके मावशींनी दीड महिन्याने, सूज स्थिर झाल्यावर उसवले आणि डाव्या बाहीत दाबाची बाही खाली मावेल एवढी जागा करून पुन्हा शिवले. दोन्ही बाह्या बाहेरून सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीलाही त्यांनी तेवढीच माया सोडली आहे. पुढचे माप दिवाळीच्या सुट्टीत द्यायचे आहे, आणि वहीतले माझे पान भरत आल्यामुळे त्यांनी मागे एक कोरे पान डकवून ठेवले आहे.